मॉरीनबाईंची ओटी

मॉरीनबाईंची ओटी भरायची असं मी ठरवलं तेव्हा घरात कुणीही मला अडवलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. अडवायला हवं होतं. ज्याला सगळं ठाऊक होतं तो माझा मुलगा आमोद पेपरमागे तोंड लपवून "बघ तुला काय करायचं ते" एवढंच म्हणाला. एरवी मी दडपे पोहे करू का विचारलं तरी तो चार मतं देतो. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी आनंदात होते, आणि आनंदात माणसाची अक्कल गहाण पडते.

मॉरीनबाई इंग्लंडच्या. तिथल्या एका विमा कंपनीत दावे तपासायचं काम करायच्या. आता ते काम आमोदच्या कंपनीकडे आलं होतं. म्हणजे तिकडच्या लोकांचे नळ फुटणार, गाड्या ठोकल्या जाणार, आणि त्यांचे दावे येरवड्यात बसून आमची मुलं तपासणार. ते कसं करायचं हे शिकवायला बाई तीन आठवडे पुण्यात आल्या होत्या. आमोद त्या मुलांचा टीम लीड. माझ्या लहानपणी अमका येरवड्याला गेला म्हटलं की लोक विषय बदलायचे, कारण तिथे एक तर तुरुंग, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. आणि आता मीच सोसायटीत कुणी विचारो न विचारो सांगत सुटायचे, "आमचा आमोद येरवड्याला असतो हो!"

फुशारकी मारायला कारण होतं. आमच्या यांची नोकरी शहाण्णव साली गेली. टेपरेकॉर्डरमधल्या बोटाएवढ्या मोटारी बनवणारा कारखाना होता, हे स्टोअर्स सांभाळायचे. बाहेरच्या मोटारी निम्म्या भावात यायला लागल्या आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. त्याच्या महिनाभर आधी काय झालं ते सांगते. कारखान्याचे मॅनेजर श्रीनिवासराव आमच्याकडे सत्यनारायणाला आले होते. तीर्थ घेतलं, प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला, वर मला म्हणाले, "वहिनी, फ्लॅट बुक केलात म्हणे, छान झालं." कुलूप लागणार हे त्यांना तेव्हा पक्कं माहीत होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. फ्लॅट सोडावा लागला, भरलेल्यातले बरेच पैसे बुडाले. महापालिकेच्या शाळेतल्या माझ्या पगारावर आणि शिकवण्यांवर घर चाललं. तेव्हापासून आमच्या घरात कुणी तोंडावर गोड बोलून पाठीमागे घात केला, की आम्ही म्हणतो, "शिरा खाऊन गेला." आमोद शाळेत असल्यापासून हे म्हणतो.

तर बाईंना जेवायला बोलाव म्हणून मी आमोदच्या मागे लागले. तो टाळत होता. आज त्यांना बरं नाही, उद्या त्यांना शनिवारवाडा बघायचाय, परवा आणखी काही. शेवटी मी म्हटलं, "अरे, त्या बाईंमुळे तुला हे पद मिळालं आणि त्या हॉटेलातलं खाऊन परत जाणार? लोक काय म्हणतील?" लोकांना काय पडलं होतं कुणास ठाऊक, पण आमोद तयार झाला. जायच्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांना घेऊन यायचं ठरलं. जेवून त्या इथूनच गाडीने मुंबईच्या विमानतळावर जाणार होत्या.

मी आदल्या दिवशी मंडईत जाऊन अळूची पानं आणली, चांगला वाजवून नारळ घेतला आणि तुळशीबागेतून मोरपंखी खण घेतला. ओटी सवाष्णीची भरायची असते म्हणून मी आमोदला विचारून घेतलं. तो म्हणाला, बाईंचा घटस्फोट झालाय. हे म्हणाले, "मग झालं?" मी म्हटलं, "झालं कसलं? एकटीनं मुलगी वाढवली त्या बाईनं. रीत माझ्या घरात माझं ऐकते." यावर हे हसले. हे हल्ली फारसं हसत नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

बाई आल्या. साठीच्या जवळपासच्या, गोल चेहऱ्याच्या, उन्हाने नाक लाल झालेलं. लक्ष्मी रोडवरून घेतलेला पंजाबी ड्रेस घातला होता आणि ओढणी कशी सावरायची ते न कळून ती मफलरसारखी गळ्याला गुंडाळली होती. दारात चपला काढून त्यांनी मला नमस्कार केला, आमोदनं शिकवला होता तसा. मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

जेवायला मसालेभात, अळूवडी, मटकीची उसळ आणि श्रीखंड-पुरी. बाईंनी चमचा बाजूला ठेवून हातानं खायला सुरुवात केली. निम्मा भात ताटाबाहेर गेला, त्यांचं त्यांनाच हसू येत होतं. माझं इंग्रजी चौथीच्या पोरांना शिकवण्यापुरतं. सावकाश बोललेलं कळतं, बोलायचं म्हटलं की शब्द सापडत नाहीत. मला कळावं म्हणून बाई मुद्दाम थांबत थांबत बोलत होत्या, मधूनच लाडानं मला 'लव्ह' म्हणत होत्या, आणि अडलं की आमोद मराठीत सांगत होता.

त्यांच्या गावात पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. त्यांची आई गिरणीत होती. मग बाहेरून स्वस्त कापड यायला लागलं. "तुमच्याकडूनसुद्धा आलं असेल," असं म्हणून त्या हसल्या. मनात काही ठेवून नव्हे, उगाच गंमत म्हणून. गिरणी बंद पडली, आता तिथे फर्निचरचं दुकान आहे.

"मग तुमच्या आईनं काय केलं?" यांनी विचारलं. पाहुण्यांना हे आपणहून कधी काही विचारत नाहीत.

"लोकांच्या घरची साफसफाई," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधून फोटो काढला. विटांचं छोटंसं घर, पुढे लाकडी फाटक. लेकीच्या घराला लागूनच आहे. सध्याचं घर विकून हे घ्यायचं, वर थोडं कर्ज काढायचं, नातीला येऊन राहायला एक खोली निघते. गुरुवारी सह्या करायच्या. "या वयात कर्ज घ्यायचं धाडस करतेय मी," त्या म्हणाल्या. "पण साहेब म्हणाले, रटाळ काम पुण्याला गेलं की तुझ्याकडे चांगलं काम येईल. आणखी पाच-सहा वर्षं मी सहज करीन."

फोटो हातात घेऊन मी "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" करत होते. आमोदला दाखवायला वळले तर त्यानं फोटो घेतलाच नाही. तो मसालेभातातले काजू निवडत होता. ते त्याला आवडतात, पण खातही नव्हता, नुसते ताटाच्या कडेला लावत होता.

हे त्याच्याकडे बघत होते. मग मराठीत, अगदी हळू म्हणाले, "आमोद, यांना तिकडे कुठलं काम ठेवलंय रे?"

"बाबा, जेवताना नको."

यांनी हातातली पुरी खाली ठेवली. बाईंना वाटलं यांचं पोट भरलं. पण मी या माणसाबरोबर तेहतीस वर्षं काढली आहेत. कारखान्याला कुलूप दिसलं त्या दिवशी घरी येऊन हे असेच बसले होते.

मी श्रीखंडाचं भांडं आणायला उठले आणि आमोदला म्हटलं, "जरा आत ये, मला हात लाव." भांडं काही जड नव्हतं.

ओट्याशी उभं राहून मी विचारलं, "काय आहे?"

"आई, हे बघ, मला सांगायची परवानगी नाही."

"मी तुझी कंपनी नाही. बोल."

तो बोलला. जूनअखेर बाईंचं अख्खं डिपार्टमेंट बंद होणार. चांगलं काम, रटाळ काम, कुठलंच काम तिकडे राहणार नाही. तिकडच्या साहेबांनी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या मन लावून शिकवणार नाहीत, म्हणून. पुण्यातल्या टीमला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही.

"म्हणजे ती शिकणारी पोरं?"

"सगळ्यांना माहितीये."

"आणि ती बाई तुमच्यासाठी रोज बिस्किटं घेऊन येते, तूच सांगत होतास."

"आई, प्लीज. तुला काय वाटतं, मला मजा येतेय? पण व्यापार असाच चालतो. तिकडे महाग पडतं ते काम इकडे येतं. इकडे पगार होतात, मग आपण त्यांच्याकडून विमानं घेतो, मशिनरी घेतो, त्यांचाही धंदा वाढतो. शेवटी दोन्ही देशांचं भलंच होतं. बाबांची नोकरी गेली ती यातच, आणि मला लागली तीही यातच. आणि आपणही बाहेरच्या देशातला कॅसेट प्लेअर घेतलाच ना? बाबांच्याच कारखान्याच्या मुळावर आलेल्या मोटारी आहेत त्यात. स्वस्त होता म्हणून तूच घेतलास."

खरं होतं. मीच घेतला होता, रविवार पेठेतून, भाव करून.

"शेवटी म्हणजे कधी?" मी विचारलं. "गुरुवारच्या आधी की नंतर?"

तो म्हणाला, "त्यांनी आपले विणकर बुडवले तेव्हा कुणी आपल्याला सांगायला आलं होतं?"

"मॉरीनबाईंनी बुडवले का? त्यांची आई तर लोकांची धुणीभांडी करत होती."

"आई, मी सांगितलं आणि ते वर कळलं तर माझी नोकरी जाईल. कदाचित कंपनीचं कामही जाईल. अठ्ठावीस मुलं आहेत माझ्या हाताखाली. परभणीची आहेत, नांदेडची आहेत, घरी पैसे पाठवतात."

हेही खरं होतं. त्याचं सगळंच खरं होतं, आणि तरी मला त्याच्याकडे बघवेना. आणि त्याच्याकडेच कशाला? बोलाव बोलाव करत मीच मागे लागले होते. अळूवड्या मी तळल्या होत्या. पद मिळालं म्हणून सोसायटीत पेढे मी वाटले होते. श्रीनिवासरावांना मी सात वर्षं शिव्या घातल्या, पण ते निदान दुसऱ्याच्या घरी जाऊन शिरा खाऊन आले होते. आम्ही तर बाईला आपल्या घरी बोलावून, पाटावर बसवून, वर तिची ओटी भरणार होतो. मला इतकी लाज वाटली की भांड्यातलं श्रीखंड वाढायला हात पुढे होईना. शेवटी आमोदच ते घेऊन बाहेर गेला, आणि बाईंनी त्याला "गुड बॉय" म्हटलेलं मला आतून ऐकू आलं.

जेवणं झाली. खाली गाडी येऊन उभी होती. ओटी न भरता बाईंना लावून द्यावं असं मला फार वाटलं. पण ताट देवासमोर मांडलेलं होतं, बाईंनी ते येता येताच पाहिलं होतं आणि आमोदला विचारूनही घेतलं होतं. त्या उत्सुकतेनं पाटावर येऊन बसल्या. गुडघे मोडत नव्हते, तरी बसल्या.

मी हळदकुंकू लावलं. ओढणीचा पदर त्यांच्या हातात धरायला दिला. खण ठेवला, नारळ ठेवला, खारीक, सुपारी, हळकुंड. मग ओंजळीनं तांदूळ घालायला लागले. निम्मे दाणे पाटावरच सांडले. बाईंना वाटलं मला भरून आलंय. त्यांचेही डोळे ओले झाले.

तांदूळ घालून झाले की ओटीतले थोडे दाणे उचलून देणारीच्या ताटात परत टाकायचे असतात. मी खुणेनं तसं सांगितलं. बाईंनी आमोदला विचारलं, परत का?

"सांग त्यांना," मी म्हटलं.

आमोद भिंतीला टेकून उभा होता.

"सांग ना. ज्या घरातून घेतलं ते घर रिकामं करून जायचं नसतं, म्हणून. सांग त्यांना इंग्रजीत. येतं ना तुला चांगलं?"

तो काहीतरी पुटपुटला. त्यात 'ट्रॅडिशन' हा शब्द मला कळला, 'हाऊस' कुठेच ऐकू आला नाही. माझ्या मुलाच्या खोटं बोलण्याला मला भाषा लागत नाही. तो खोटं बोलतो तेव्हा उजव्या कानाची पाळी ओढतो, बालवाडीपासून.

मी यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत बसून होते. म्हणाले, "मंदा, आपल्याला कुणी सांगितलं असतं तर?"

एवढंच. मी ताट खाली ठेवलं, बाईंसमोर बसले आणि सापडतील ते शब्द एकेक करून बोलले. "मॉरीनबाई. न्यू हाऊस. थर्सडे, नो साइन."

त्या हसतच होत्या. "सॉरी, लव्ह?"

"युवर जॉब. जून. फिनिश. ऑल ऑफिस फिनिश." आणि शेवटी शब्द संपले म्हणून मी आमोदकडे बोट केलं. "ही नोज."

बाईंचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं चेहऱ्यावर, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. त्यांनी मान वळवून आमोदकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, आणि तो मला अगदी स्वच्छ कळला. पहिल्या दिवसापासून?

"येस," आमोद म्हणाला. मग आणखी काहीतरी बोलायला लागला, सॉरी वगैरे.

"सगळे? ती सगळी मुलं?"

"येस, मॉरीन."

बाईंचं नाक आणखी लाल झालं. त्या चिडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी तर त्यासाठी मान खाली घालून तयारच बसले होते. ओटी झटकून उठल्या असत्या तरी मी काही म्हटलं नसतं.

त्यांनी एका हातानं ओढणी धरून ठेवली. दुसऱ्या हातानं ओटीतले तांदूळ उचलले, चांगली मूठभर, आणि माझ्या ताटात परत घातले. मी दाखवलं होतं तसंच, हळूच, एकही दाणा बाहेर न सांडता. मग माझ्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी." जेवण छान होतं, असंही म्हणाल्या.

आमोद मुंबईपर्यंत सोडायला जाणार होता. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. त्यांची बॅग यांनी उचलली आणि लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं खाली नेली. मी गॅलरीतून पाहिलं, गाडीत बसताना बाईंनी ओढणीची गाठ मांडीवर नीट सावरून घेतली. हे हात न हलवता नुसते उभे राहिले, गाडी स्वारगेटच्या दिशेनं वळेपर्यंत.

आमोद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीतून बाहेर आला नाही. माझ्याशी बोलला नाही, आणि बोलावं असं माझंही तोंड नव्हतं. बाई तिकडे जाऊन काय सांगतील, याची नोकरी राहील की जाईल, काही कळायला मार्ग नाही. मी खरं सांगितलं म्हणून मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जे काम गेलं ते आमच्याच घरी आलंय, आणि ते परत कर असं मी त्याला म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही.

परत आलेले दाणे घरच्या तांदळात मिसळायचे असतात. ताट अजून देवासमोर तसंच आहे. डब्याचं झाकण उघडून मी दोनदा उभी राहिले आणि दोनदा बंद केलं.

सोमवारी सकाळी आमोद आंघोळ करून, शर्टाला इस्त्री करून ऑफिसला निघाला. डबा मीच भरून दिला.